डुबल बार

"वास तरी घेऊन बघा, मॅडम!" सर्जेराव डुबल म्हणाले आणि माझ्या टेबलावर, शिट्टी आणि हजेरीपटाच्या मधोमध, त्यांनी बिअरची बाटली ठेवली.

जिमखान्याचं दार सताड उघडं होतं. व्हरांड्यातून प्राचार्य बिडकर चालले होते. त्यांनी बाटलीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि आपल्याला काही दिसलंच नाही अशा बेतानं ते पुढे गेले.

"उचला ती आधी," मी म्हणाले. "कॉलेज आहे हे."

"झाकण लावलेलं हाय की ओ. आणि बिअर म्हंजे काय दारू असती का? सातूचं पाणी हाय ते. आजारी माणसाला डॉक्टर देत्यात सातूचं पाणी."

"मग दवाखान्यात विका."

सर्जेराव खदाखदा हसले. त्यांची ही एक गोष्ट मला आवडायची. काहीही बोला, माणूस रागावत नसे. आमच्याच कॉलेजातून ते एके काळी कबड्डी खेळले होते, कोपरा सांभाळायचे. पुढे हायवेला त्यांनी हॉटेल टाकलं, त्याला परमिट रूम जोडली, शेजारी बिअरचं दुकान काढलं आणि बघता बघता टेंभुर्ल्यातला सगळ्यात मोठा बंगला त्यांचा झाला. नुसतं 'डुबलांच्यात चाललोय' म्हटलं तरी कुठं चाललाय आणि कशाला, ते गावाला कळायचं.

"ऐकून तर घ्या," ते खुर्ची पुढं ओढून म्हणाले. "गॅलरी माझी. शिमेटच्या पायऱ्या, वर पत्रा. पोरींसाठी दोन खोल्या, नळ, संडास, सगळं फरशी घालून. तुमच्या विद्यापीठाच्या समितीनं तोंडात बोट घातलं पाहिजे. माझं मागणं एकच. स्पर्धा चालू असंल तेवढे दिवस गॅलरीच्या पाठीमागं माझा एक बारका काउंटर. परवान्याचं मी बघतो."

"मुलींच्या कबड्डीला बिअर?"

"फॉरेनात कॉलेजच्या म्याचला बिअर विकत्यात, मॅडम. टीव्हीवर बघितलंय मी. बायका-पोरं ग्लास घेऊन निवांत बसल्याली असत्यात."

"हो का? मग तुमच्या आईंना पहिल्या रांगेत बसवू. ग्लास घेऊन."

मी आपली बोलून गेले. पण सर्जेरावांचं हसू तिथंच थांबलं. "ती कशाला येतीय," ते म्हणाले. "दुकान घातल्यापासनं बंगल्याची पायरी चढली न्हाई ती. कुंभारवाड्यात एकटी ऱ्हाती. माझ्या घरचं पाणी पीत न्हाई." मग त्यांनी बाटली उचलून पिशवीत घातली. "तुम्ही विचार करा," म्हणाले आणि गेले.

विचार काय करायचा! मला त्या खोल्या हव्या होत्या, इतक्या हव्या होत्या की रात्री स्वप्नात फरशी दिसायची.

आमचं मैदान कॉलेजच्या एका टोकाला आणि लेडीज रूम दुसऱ्या टोकाला. मुलींनी तिथं कपडे बदलायचे आणि हाफपँटीवर ओढणी गुंडाळून, सायकल स्टँड, कँटीन आणि वाण्याच्या दुकानासारखा तिन्ही त्रिकाळ पोरांनी भरलेला कट्टा, एवढं सगळं पार करत मैदानावर यायचं. शिट्ट्या, गाणी. चांगल्या खेळणाऱ्या मुली या चालण्यापायी खेळ सोडून जायच्या. बघायला येणाऱ्या आयांचं तर विचारूच नका. सकाळी घरून निघालेली बाई दुपारपर्यंत कुठं जाणार? म्हणून आया यायच्याच नाहीत, आणि आया नाहीत म्हणून बाप पोरींना पाठवायचे नाहीत.

त्या वर्षी मोठ्या खटपटीनं मी विद्यापीठाच्या मुलींच्या स्पर्धा आमच्याकडे ओढून आणल्या होत्या. अट एकच होती, मैदानाला लागून मुलींची खोली आणि बसायला गॅलरी. ते जमलं नाही तर स्पर्धा दुसरीकडे जाणार. आणि स्पर्धा दुसरीकडे गेली तर माझी कॅप्टन वैजयंता कुंभार खेळणार नव्हती. तिच्या वडिलांची, दगडूमामांची, वीटभट्टी होती. परगावी मुक्कामाला पोरगी पाठवणार नाही, असं त्यांनी तोंडावर सांगितलं होतं. वैजयंताचं शेवटचं वर्ष होतं, आणि पुढे काय, ते दारात येणाऱ्या स्थळांवरून कळत होतं.

डुबलांनी सांगितलेलं मी तिच्या कानावर घातलं तेव्हा ती गुडघ्याला पट्टी बांधत होती.

"खोली झाली तर लई बेस होईल, मॅडम," ती म्हणाली. "पण तिथं दारू असंल तर आमचं वडील मला गेटातनंच माघारी न्हेत्यात."

म्हणजे इकडे आड आणि तिकडे विहीर. खोली नाही तर स्पर्धा नाही, बिअर नाही तर खोली नाही, आणि बिअर आली तर वैजू नाही.

मी तडक संस्थेच्या अध्यक्षांकडे, नानासाहेब काटवट्यांकडे गेले. नानांनीच हे कॉलेज माळरानावर उभं केलेलं. पंच्याहत्तरी उलटलेली, पांढरी टोपी, आवाज मात्र अजून शेताच्या बांधावरून हाक मारावी असा. त्या दिवशी ते गालावर हात धरून बसले होते.

"कवळी बशिवलीय नवी," ते तोंडातल्या तोंडात म्हणाले. "बोलताना घसरती. तुम्ही बोला."

मी सगळं सांगितलं. नानांनी डोळे मिटून ऐकलं.

"तुमची जुनी मागणी काय होती हो, कणसेबाई? मैदानाची?"

"कितीतरी होत्या. खोली, गॅलरी, सिंगल बार, डबल बार..."

"हां," नाना म्हणाले. "सर्जेरावला बैठकीला बोलवा."

बैठक अध्यक्षांच्या दालनात भरली. सर्जेराव इस्त्रीचे पांढरे कपडे घालून आले होते. बिडकरसरांनी 'काळाची पावलं ओळखून' वगैरे सुरुवात केली, आणि एका सदस्यानं बिअर या शब्दाऐवजी 'ते पेय' असं म्हणत म्हणत दोन्ही बाजूंनी भाषण केलं. नाना गालावर हात ठेवून ऐकत होते. शेवटी त्यांनी हात वर केला.

"गॅलरी सर्जेरावनी बांधावी," ते म्हणाले. "खोल्या बांधाव्यात. आन् मैदानावर डुबल बार व्हायला माझी काय हरकत न्हाई. आपलं तर म्हणणं हाय, कायमचाच करा."

सर्जेरावांच्या डोळ्यांत पाणीच आलं. ते उठले आणि नानांच्या पाया पडले. बिडकरसरांनी टाळी वाजवली आणि लगेच आपण टाळी का वाजवली या विचारात पडले. माझ्या तर अंगाचा तिळपापड झाला. गांधीबाबाची टोपी घालणारा हा माणूस पोरींच्या मैदानावर बार काढतो? आणि तोही कायमचा?

बैठक संपली तशी मी नानांच्या मागे त्यांच्या घरी पोचले. चपलासुद्धा धड काढल्या नाहीत.

"नाना, हे तुम्ही बोललात? मी जिमखाना सोडते. पोरींच्या मैदानावर बार?"

"का? तुम्हीच मागत होता की."

"मी?"

"गेली किती वर्षं डोकं खाताय. सिंगल बार, डुबल बार. परवाच म्हणालात."

मी तोंड उघडलं ते उघडंच राहिलं. "डबल बार म्हणायचं होतं तुम्हाला?"

"मग मी दुसरं काय म्हणालो?" नाना गालावर हात ठेवून म्हणाले. "कवळीमुळं ड चा डु व्हतो जरा. लोकांनी समजून घ्यायला नको?"

मी खुर्चीत बसले. हसावं की रडावं कळेना. म्हटलं, "नाना, डुबलांना सांगायला हवं. त्यांचा मोठा गैरसमज झालाय."

"सांगा की! जिमखाना प्रमुख तुम्ही. कुठं रोवायचा, किती उंच, सगळं त्याला नीट सांगा. मी कशाला अडवू?"

आता कुणी म्हणेल मी सांगितलं नसेल. सांगितलं हो! दुसऱ्याच दिवशी सर्जेराव पाया आखायला गवंडी घेऊन आले तेव्हा मी मुद्दाम गेले.

"सर्जेराव, बारचं बोलायचंय. डबल बारचं."

"बोला, मॅडम, बोला. डुबलचाच की, दुसऱ्या कुणाचा कसा असंल?"

"लोखंडी असणार तो."

"लोखंडीच पायजे. लाकडाला वाळवी लागती."

"जमिनीत पक्का रोवायचा. काँक्रीटमध्ये."

"वा! मला वाटलं हुतं नाना नुसतं तोंडदेखलं म्हणत्यात."

"दोन्ही हात ठेवून माणूस भार देणार त्याच्यावर. तेवढा मजबूत हवा."

"देतोच की भार. दोन ग्लासानंतर देतोच." ते मनापासून हसले. "तुम्हाला बरीच माहिती हाय, मॅडम."

मी हात टेकले. माणसाच्या कानात आधीच रेकॉर्ड लागलेली असली की बाहेरून कितीही ओरडा. तरी जाता जाता मी म्हणाले, "सर्जेराव, मी व्यायामाचं बोलतेय." ते म्हणाले, "आमच्याकडं पण लई जण व्यायाम करूनच येत्यात!" यापुढे मी काय करायला हवं होतं, ते मला आजही कुणी सांगावं.

काम मात्र माणसानं असं केलं की बघत राहावं. पायऱ्या एका दोरीत. खोल्यांना आतून घट्ट बसणारी कडी, उंचावर झडपा, नळाला धो धो पाणी, आरसा सुद्धा. आरसा मी मागितला नव्हता. मी विचारलं तर म्हणाले, "पोरी हायत, वेणी घालायला लागतीच की." त्या दिवशी मला त्यांचा राग राग करणं जमेना.

शेवटच्या आठवड्यात ते बिअर कंपनीच्या माणसांना भेटायला पुण्याला गेले. इकडे वर्कशॉपच्या माणसांनी गॅलरीच्या मागे बार रोवले, एक सिंगल, एक डबल, आणि नानांनी स्वतः पेंटर बोलावून पाटी रंगवून घेतली.

स्पर्धेच्या सकाळी मैदानावर चुन्याच्या रेघा ओल्या होत्या. संघ यायला लागले होते. आणि गॅलरीत बायका बसल्या होत्या! कुंभारवाड्यातल्या, पेठेतल्या, मळ्यातल्या, डोक्यावर पदर घेऊन, डबे घेऊन. पहिल्या पायरीवर मधोमध एक बारीक चणीची म्हातारी ताठ बसलेली, हिरवं लुगडं, काठी मांडीवर आडवी. मी ओळखलं नाही. "कोण हो या?" मी नानांना विचारलं.

"हौसाबाई डुबल. नारळ फोडायला बोलावल्याती."

"आल्या कशा?"

"तिला म्हणालो, सर्जानं बांधलंय त्ये बघून तरी घे."

तेवढ्यात गेटाशी दगडूमामा कुंभार दिसले. वैजयंताचा दंड धरून उभे. "मॅडम," त्यांनी लांबूनच विचारलं, "ग्राउंडावर बार झालाय म्हणत्यात. खरं का?"

"खरं आहे. या, दाखवते." मी त्यांना गॅलरीच्या मागे घेऊन गेले. त्यांनी पाटी वाचली, बार बघितला, दोन्ही हातांनी धरून हलवून बघितला. वीटभट्टीवरचे हात ते. बार काही हलला नाही.

"हा व्हय!" ते म्हणाले. मग त्यांनी पोरीचा दंड सोडला. "जा, बदल कापडं."

पण कपडे बदलणार कुठं? खोल्यांना कुलूप होतं. किल्ली सर्जेरावांकडे. समारंभानं द्यायची म्हणून त्यांनी जवळ ठेवलेली. आमच्या आणि बाहेरगावच्या मुली पिशव्या घेऊन दाराशी ताटकळत उभ्या होत्या, आणि पंच घड्याळ दाखवत होते.

तेवढ्यात कंपाउंडच्या मागून हॉर्न वाजला. टेम्पो आला होता. खोकी, बर्फाच्या लाद्या, रंगीत छत्री. पुढच्या सीटवरून सर्जेराव उतरले, कडक इस्त्रीचे, गळ्यात चेन.

"कुठाय काउंटर?" ते म्हणाले. आणि मग त्यांना पाटी दिसली.

पांढऱ्यावर लाल अक्षरांत 'डुबल बार' लिहिलं होतं. त्याखाली दोन लोखंडी पाइप, आणि त्यांच्यावर इचलकरंजीच्या दोन पोरी हात टेकून झोके घेत होत्या.

सर्जेरावांनी पाटी पुन्हा एकदा वाचली. तो माणूस चिडलेला मी कधी पाहिला नव्हता, त्या दिवशी पाहिला. चेहरा लालबुंद. "ह्यो बार?" ते म्हणाले. "मॅडम, ह्यो बार? माझी गावभर चेष्टा केली तुम्ही सगळ्यांनी?"

"मी तुम्हाला सांगितलं होतं, सर्जेराव. लोखंडी म्हणाले, काँक्रीट म्हणाले, व्यायामाचं म्हणाले."

"आसं सांगत्यात व्हय?" त्यांनी खिशातून किल्ली काढली आणि मुठीत आवळली. "ठीक हाय. खोल्या माझ्या, कुलूप माझं. काउंटर लागंल तवा खोल्या उघडतील. तोवर व्हाऊ द्या तुमची कबड्डी."

वैजयंता माझ्याकडे बघत होती. तिच्या वडिलांचा हात पुन्हा पुढं यायला लागलेला मला दिसला. चूक कुणाची म्हणायची? माझी, नानांची, की त्या एका उकाराची?

"सर्जा."

काठी टेकत हौसाबाई गॅलरीला वळसा घालून आल्या होत्या. मागे आणखी चारपाच बायका.

"आये, तू?" सर्जेराव दोन पावलं मागे सरले. "तू कशी आलीस?"

"चालत आले. ते मागनं सांगते." त्यांनी हात पुढे केला. "किल्ली दे आधी."

"आये, तुला ठाऊक न्हाई, ह्या लोकांनी..."

"मला काय ठाऊक करून घ्यायचं न्हाई. सकाळधरनं बसलेय. मला जायचंय."

"कुठं जायचंय?"

"आता काय गावाला वरडून सांगू व्हय, मुडद्या?" हौसाबाई म्हणाल्या. मागच्या बायका पदर तोंडाला लावून फसफसल्या. "संडास बांधलायस म्हणत्यात ना तू? मग उघड की!"

सर्जेराव डुबल, हायवेवरचे हॉटेलवाले, कोपऱ्याचे एके काळचे पकडवीर, मान खाली घालून दारापाशी गेले. कुलूप पटकन निघेना. दार उघडलं. हौसाबाई आत गेल्या. आतून कडी लागल्याचा आवाज आला, खट्ट, मग नळाचं पाणी धो धो. आम्ही सगळे बाहेर उभे. टेम्पोवाल्यानंही इंजिन बंद केलं.

बऱ्याच वेळानं त्या बाहेर आल्या. तोंडावर पाणी मारलेलं, ओंजळ अजून ओली. दारापाशीच त्या थांबल्या.

"ग्वाड पाणी हाय नळाला," त्या म्हणाल्या. "प्याले मी. फरशी पण चांगली घातलीस. आरसा बघितला. सर्जा, ह्या गावात बाईमाणसाला आडोशाला जागा करावी, आसं आजपातुर कुणाच्या डोक्यात आलं न्हवतं."

सर्जेराव त्या ओल्या ओंजळीकडे बघत होते. त्यांच्याकडचं पाणी ती प्याली होती.

मग म्हातारीची नजर पाटीवर गेली. वाचता येत नसलं तरी घराण्याचं नाव तिला ओळखू येत होतं. "काय लिवलंय तितं? डुबल काय?" तिचा आवाज एकदम ताठ झाला. "कसला ह्यो?"

मी मागून आलेल्या नानांकडे बघितलं. नाना आभाळाकडे बघत होते.

सर्जेरावांनी एकदा टेम्पोकडे बघितलं, खोक्यांकडे, विरघळणाऱ्या बर्फाकडे. मग ते पुढे झाले, डबल बारच्या दोन पाइपांवर त्यांनी हात टेकले आणि इस्त्रीच्या कपड्यांनिशी पोट सावरत अंग वर उचललं.

"व्यायामाचा हाय, आये," ते धापा टाकत म्हणाले. "पोरींसाठी. मीच दिलाय."

इचलकरंजीच्या पोरींनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्यांत टेम्पो कधी वळून गेला ते कळलं नाही. बर्फ मात्र सर्जेरावांनी उतरवून घेतला, म्हणाले, सरबताला होईल.

वैजयंता आत गेली आणि पाच मिनिटांत जर्सी घालून, वेणी घट्ट घालून बाहेर आली. कट्ट्यावरच्या पोरांना ती थेट मैदानातच दिसली. काय खेळली ती त्या दिवशी! पुढे आम्ही उपांत्य फेरीत हरलो, अगदी थोडक्यात, पण गॅलरीतल्या बायका हरलोय हे मान्य करायला तयार नव्हत्या. दगडूमामा तर पंचांशी भांडायला उतरले होते, त्यांना आवरताना माझी दमछाक झाली. त्याच वर्षी लग्न पुढं ढकलून वैजयंता विद्यापीठाच्या संघातून खेळायला परगावी गेली. मुक्कामाला सुद्धा.

आता इतकी वर्षं झाली. गावात अजूनही कुणी 'डुबल बारवर चाललोय' म्हटलं की घरची बाई विचारते, टॉवेल घेतला का?

पण त्या पहिल्या दिवशीचं एक सांगायचं राहिलं. संध्याकाळी सामने संपल्यावर गॅलरीत नाना एकटेच वरच्या पायरीवर बसले होते. कुणीतरी उसाचं कांडं दिलं होतं. मी थकून त्यांच्याशेजारी टेकले. खाली पहिल्या पायरीवर हौसाबाई आणि सर्जेराव बसले होते, मधे सरबताचे दोन पेले. काय बोलत होते ऐकू येत नव्हतं, पण म्हातारी काठीनं मैदान दाखवत होती आणि तो मान हलवत होता.

शेजारून कडाड्‍ असा आवाज आला. मी वळून बघितलं. नानांनी उसाची साल दातांनी सोलून काढली होती, पेरासकट, वरपासून खालपर्यंत.

"नाना!" मी म्हणाले. "कवळी?"

"कसली कवळी?" नाना ऊस चावत म्हणाले. बत्तीसच्या बत्तीस दात, पिवळे पण शाबूत.

"म्हणा बघू एकदा," मी म्हणाले. "स्पष्ट म्हणा. डबल."

नानांनी चोथा थुंकला. खाली त्या दोघांकडे बघितलं. मग अगदी स्वच्छ, ठणठणीत आवाजात, मैदानाच्या पार टोकाला जाईल असं म्हणाले, "डुबल!"

खालून सर्जेरावांनी दचकून मान वर केली. "ओ, नाना! हाक मारली काय?"